रोप ओळखलं तरी नाव वाचायचं उरतं: नाहुआत्ल चित्रलिपीतली झाडंझुडपं

वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: मेक्सिकोतल्या सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितांत माणसांच्या डोक्यामागे लहान चित्रं काढलेली असतात. त्यांत निवडुंग, बोरू, फुलं, झाडं दिसतात. ही त्या माणसांची नावं आहेत असं वाचलं. मग प्रत्येक वनस्पतीची प्रजाती ओळखून ‘अमुक वनस्पती म्हणजे अमुक नाव’ असा तक्ता करता येईल का? आणि त्या वनस्पतीवरून माणसाच्या स्वभावाचा काही अंदाज बांधता येतो का? सोबत त्यांनी तीन चित्रांचं वर्णन दिलं आहे: दगडावर उगवलेला निवडुंग, मुठीत धरलेले बोरू आणि शेजारी पाच ठिपके असलेलं फूल.

ताई, मी ही नावं वाचण्याचं आणि त्यांच्या सूची करण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. तुमचे प्रश्न दोन असले तरी अडचण एकाच जागी आहे, असं मला वाटतं. चित्रात रोप आहे म्हणजे लिहिणाऱ्याला रोपाबद्दल काही सांगायचं होतं, असं तुम्ही धरून चाललात. तो लिहिणारा, म्हणजे नाहुआत्ल या आस्तेक लोकांच्या भाषेतला ‘त्लाकुइलो’, एक शब्द लिहीत होता. चित्र पाहून वाचणाऱ्याने योग्य तो शब्द उच्चारला की त्याचं काम झालं. त्यासाठी त्याने कधी रोप काढलं, कधी प्राणी काढला, कधी नुसता पाय काढला. तुमच्या तक्त्यात वनस्पती आणि नाव असे दोन रकाने आहेत. त्यांच्या मध्ये ‘शब्द’ हा तिसरा रकाना हवा, आणि तोच सगळ्यात अवघड आहे.

‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ हे मलाही काही ठिकाणी म्हणावं लागेल. कागद कुठल्या भागातला, कुठल्या दशकातला, चित्र माणसाचं नाव सांगतं की गावाचं की तारखेचं, यावर वाचन बदलतं. तरी बरंच काही ठामपणे सांगता येतं, आणि त्यासाठी एकच पान पुरेसं आहे.

ते पान मेंडोसा कोडेक्समधलं. हे हस्तलिखित मेक्सिको शहरात १५४० च्या दशकाच्या सुरुवातीला नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, चित्रकारांनी केलं. सध्या ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि इंटरनेटवर पूर्ण बघता येतं. त्यात तेनोच्तित्लान या आस्तेक राजधानीच्या स्थापनेचं मोठं चित्र आहे: मधोमध दगडावर निवडुंग, त्यावर गरुड, निळ्या पाण्याच्या पट्ट्यांनी झालेले चार भाग आणि त्यांत बसलेले दहा पुरुष. प्रत्येकाजवळ त्याच्या नावाचं चित्र आहे आणि ते कुणाचं हे समजावं म्हणून बारीक काळ्या रेषेने जोडलेलं आहे. ही रेषा आधी शोधायची सवय लावा. दाटीच्या पानांवर शेजारच्या माणसाचं नाव आपल्या माणसाला चिकटवलं जातं ते ती न पाहिल्यामुळे.

या दहांतला प्रमुख तेनोच. त्याचं नाव म्हणजे तुमचं पहिलं चित्र, दगडावरचा निवडुंग. दगड म्हणजे ‘तेत्ल’, निवडुंगाचं फळ म्हणजे ‘नोच्त्लि’. नाहुआत्लमध्ये सुट्या नामाच्या शेवटी त्ल, त्लि किंवा लि असा प्रत्यय असतो आणि समासातल्या पहिल्या पदाचा तो गळतो. नावात तर पुष्कळदा शेवटच्या पदाचाही गळतो. उरतं ते ते-नोच. इथपर्यंत सरळ आहे. फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतला, पण आपल्याकडे कुंपणांवर आणि माळावर इतका पसरलाय की मराठी वाचकाला ते चित्र ओळखायला कष्ट पडत नाहीत. गडबड होते ती त्याच्या पुढे. नाहुआत्लमध्ये या झाडाला एकच शब्द नाही. फळाला नोच्त्लि म्हणतात, तर झाडाला आणि त्याच्या चपट्या पानासारख्या भागाला नोपाल्लि. आता शोलोत्ल कोडेक्स घ्या. ते तेश्कोको भागातलं, सध्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेलं हस्तलिखित. त्यात चिचिमेक राजा शोलोत्ल याच्या मुलाचं नाव निवडुंगानेच लिहिलंय आणि ते वाचायचं नोपाल्त्सिन. शेवटचं ‘त्सिन’ आदरार्थी आहे. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही चित्रांतला निवडुंग एकच. तुमच्या तक्त्यात तो एका ओळीत जाईल, आणि त्या ओळीपुढे दोन वेगळे शब्द येतील, ज्यांतला एक दगडाच्या सोबतीने ठरतो आणि दुसरा त्या माणसाबद्दलच्या बाकीच्या माहितीने.

स्थापनेच्या त्याच पानावर आकासित्लि आहे. ‘आकात्ल’ म्हणजे बोरू, ‘सित्लि’ म्हणजे ससा. दोन्ही चित्रं एकत्र आली की नाव झालं. आणखी एक आहे आवेशोत्ल. तिथे झाड आणि पाणी आहे. पाणी ‘आत्ल’, वाळुंजाच्या जातीचं झाड ‘वेशोत्ल’. हे उदाहरण मला मुद्दाम द्यायचं आहे, कारण इथे तुमचं शास्त्र खरोखर कामाला येतं. आवेशोत्ल हे पाण्याच्या काठी वाढणाऱ्या एका विशिष्ट वाळुंजाचंच नाव आहे. मेक्सिकोच्या सरोवरातल्या चिनाम्पा शेतांचे काठ धरून ठेवायला हीच झाडं लावत, अजूनही लावतात. चित्रातलं झाड पाहून मात्र तुम्ही ते ओळखू शकणार नाही. या हस्तलिखितात झाडाचं चिन्ह ठरावीक साच्याचं असतं: खोड, वर फांद्या, खाली दिसणारी मुळं. कुठलं झाड ते सांगायला चित्रकाराने शेजारी पाणी काढलं. पान, साल, फुलोरा यांवरून ओळख पटवायची सवय इथे उपयोगी पडत नाही. सोबत काय काढलंय ते बघावं लागतं.

आणि आता माझं सर्वांत आवडतं नाव, तेही त्याच पानावरचं: शोकोयोल. शोकोयोल्लि म्हणजे आंबट पानांची एक वनस्पती, आपल्या आंबुशीच्या कुळातली. चित्रात आंबुशी नाही. चित्रात एक पाऊल आहे आणि घुंगरू आहे. ‘शो’ हा उच्चार पायावरून येतो, घुंगराला ‘कोयोल्लि’ म्हणतात. काही जण या नावाचा अर्थ शब्दशः ‘पाय-घुंगरू’ असाच घेतात. मला वनस्पतीचं वाचन जास्त पटतं. शोकोयोल्लि हा शब्द बोलीत तयारच होता, आणि आंबुशीसारखं लहानसं रोप साचेबंद चित्रात इतर पाल्यापासून वेगळं दाखवणं जवळजवळ अशक्य. पाय आणि घुंगरू मात्र कुणालाही लगेच ओळखता येतात. याच पानावर शोमिमित्ल नावाचा माणूस आहे. त्याच्या नावात बाण घुसलेलं पाऊल आहे. तिथेही पायाने ‘शो’ दिलाय आणि बाणाने, म्हणजे ‘मित्ल’ने, बाकीचं. असा एकाच हाताने काढलेला दुसरा दाखला मिळाला की वाचन भक्कम होतं. प्रजाती ओळखून केलेल्या तक्त्यात शोकोयोलला जागाच मिळाली नसती.

याची उलटी बाजूही आहे: चित्रात रोप असतं पण नावात ते नसतं. पॅरिसमध्येच असलेल्या तेयेरियानो-रेमेन्सिस कोडेक्समध्ये पहिला स्पॅनिश व्हाइसरॉय आन्तोनिओ दे मेंडोसा याचं नाव लिहिलंय. तो १५३५ ते १५५० या काळात सत्तेवर होता. ‘मेंडोसा’ला नाहुआत्लमध्ये काही अर्थ नाही. चित्रकाराने घायपात काढलं आणि जमिनीत बिळं करणारा एक उंदरासारखा प्राणी काढला. घायपात ‘मेत्ल’, म्हणून ‘मे’. प्राणी ‘तोसान’, म्हणून ‘तोसा’. मे-तोसा. व्हाइसरॉयचा घायपाताशी, त्यापासून काढलेल्या पुल्के या पेयाशी किंवा वाखाच्या दोरांशी काहीही संबंध नव्हता. फक्त आवाज घेतलाय. स्पॅनिश नावं आल्यावर असं ध्वनीपुरतं लिहिणं वाढलं हे खरं, पण शोकोयोलसारखी उदाहरणं पाहिली की ही युक्ती त्यांच्या हातात आधीपासून होती असंच मला वाटतं. ती किती जुनी, आणि ही लिपी कितपत ध्वनीवर चालते, यावर अभ्यासकांत वाद आहे. एकोणिसाव्या शतकात ओबँ या फ्रेंच संग्राहकाने ध्वनिचिन्हांची यादी केली होती. २००८ च्या सुमारास आल्फोन्सो लाकादेना यांनी हा धागा पुन्हा उचलला आणि ही पूर्ण अर्थाने लेखनपद्धती आहे असं मांडलं. मी त्या बाजूची आहे. मात्र प्रत्येक प्रदेशातल्या कागदांत ध्वनिचिन्हं सारख्या प्रमाणात येत नाहीत. तेश्कोकोच्या बाजूचे लेखक ती सढळ हाताने वापरतात.

तुमचं दुसरं चित्र, मुठीतले बोरू, म्हणजे आकामापिच्त्लि, तेनोच्तित्लानचा पहिला राजा. ‘आका’ बोरूचा, ‘मापिच्त्लि’ म्हणजे मूठ. मेंडोसा कोडेक्समध्ये स्थापनेच्या चित्रामागच्याच पानावर तो भेटतो. बोरूच्या चित्रांबद्दल एक सांगते: ती पुष्कळदा बाणाच्या काडीसारखी दिसतात. बाणांच्या काड्या बोरूच्याच असत, म्हणून हे साम्य. विद्यार्थी तिथे ‘मित्ल’ वाचून मोकळे होतात. शिवाय आकात्ल हे पंचांगातलं चिन्हही आहे, आणि पंचांगातला बोरू पाणथळीतल्या बोरूपेक्षा आणखी वेगळा काढलेला असतो.

पंचांगाचा विषय निघाला, तर तुमचं तिसरं चित्र घेऊ. पाच ठिपके आणि फूल. ठिपके दिसले की चित्राकडे बघण्याची दिशाच बदलावी लागते. नाहुआ लोकांची २६० दिवसांची एक गणना होती, २० चिन्हं आणि १ ते १३ आकडे यांच्या जोड्यांची. त्या २० चिन्हांत वनस्पती तीन: बारावं मालिनाल्लि, म्हणजे एक गवत, तेरावं आकात्ल आणि विसावं शोचित्ल, म्हणजे फूल. माणसाला दिवसावरून नाव मिळे. त्यामुळे पाच ठिपक्यांचं फूल म्हणजे ‘माकुइल्शोचित्ल’, पाच-फूल, ही तारीख आहे. आपल्याकडे जन्मनक्षत्रावरून नावरस नाव निघतं, तसंच काहीसं. तारीखही जन्माचीच असेल असं नाही. सोळाव्या शतकात फ्राय बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने नाहुआ वृद्धांकडून जी माहिती जमवली, तिच्यात हे नीट येतं: मूल जन्मलं की दिवसांचा जाणकार बोलावत, आणि जन्मदिवस अशुभ निघाला तर स्नान आणि नामकरण पुढच्या बऱ्या दिवसावर नेत.

तेव्हा ‘फूल म्हणजे नाजूक, कोमल व्यक्ती’ हा अंदाज सोडून द्यावा लागेल. याच नावाची एक स्त्री इतिहासात आहे, माकुइल्शोचित्सिन, पंधराव्या शतकातला बलाढ्य सल्लागार त्लाकाएलेल याची मुलगी. तिच्या नावावर जे गीत सांगितलं जातं ते लढाईतल्या विजयाचं आहे. नाहुआ मनात फुलाला किती अर्थ होते हे मी नाकारत नाही. ‘फूल आणि गाणं’ ही त्यांची काव्यासाठीची जोडी, आणि बळीसाठी कैदी मिळवायच्या लढाईला ते ‘फुलांचं युद्ध’ म्हणत. तो सगळा पसारा भाषेत होता. एखाद्या बाईच्या नावातल्या फुलात तो भरलेला आहे असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो. स्त्रियांच्या नावांत फुलंच फुलं असतील ही अपेक्षाही कागदांवर टिकत नाही. सोळाव्या शतकाच्या नोंदींत अनेक बायकांची नावं जन्मक्रमावरून आहेत: थोरली तियाकापान, मधली त्लाको, धाकटी शोको.

पाच-फूल हे एका देवाचंही नाव आहे, खेळ आणि संगीताच्या देवाचं. त्यामुळे तुमचं चित्र कुठल्या हस्तलिखितातलं, आणि फुलाशेजारी साधं माणसाचं डोकं आहे की रंगवलेला चेहरा आणि देवाची आभूषणं, हे कळल्याशिवाय ती व्यक्ती की देव ते मी सांगणार नाही. आणखी एक पेच आहे. वसाहतकाळातल्या गावनोंदींत दिवसाच्या नावातला आकडा पुष्कळदा गाळलेला असतो. नुसतं फूल उरतं. तेव्हा तो ‘शोचित्ल’ दिवसावरून आला की एखाद्या लांब नावातलं ते पहिलं पद आहे, हे शेजारच्या अक्षरांवरून किंवा त्याच यादीतल्या इतर नावांवरूनच ठरवावं लागतं.

मालिनाल्लिबद्दल जाता जाता. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसची दुभाषी मालिन्त्सिन हिचं नाव या गवताच्या दिवसावरून पडलं असं फार ठिकाणी छापलेलं असतं. त्यापेक्षा साधं स्पष्टीकरण आहे. बाप्तिस्म्यात तिला मारिना हे नाव मिळालं, नाहुआत्लमध्ये र नाही म्हणून मालिना झालं आणि आदराचा त्सिन लागला. वनस्पती शोधायला निघालेल्या माणसाला ती सगळीकडे सापडू लागते. ही ओढ मी चांगल्या संशोधकांतही पाहिली आहे.

इथवरचं थोडक्यात असं. रोप कधी नावातलाच शब्द असतं, कधी नुसता आवाज, कधी तारीख. आणि वनस्पतीचं नाव कधीकधी रोप न काढताच लिहिलेलं असतं. या चारांतलं कुठलं ते रोपाच्या चित्रावरून ठरत नाही.

मग तुमच्या तक्त्याचं काय? करा, पण शब्दापासून सुरू करा. मक्याचंच बघा. तुम्ही ‘मका’ अशी एक ओळ लिहाल. नाहुआत्लमध्ये मक्याचं कोवळं रोप ‘तोक्त्लि’, नुकतं धरलेलं कोवळं कणीस ‘शिलोत्ल’, भरलेलं ओलं कणीस ‘एलोत्ल’, वाळलेलं ‘सेंत्लि’, सुटे दाणे ‘त्लाओल्लि’. नावात यांतला एकच शब्द असतो आणि चित्रकाराला तोच दाखवावा लागतो. शिलोत्ल काढताना कणसाचे केस दाखवतात. शेतात मका पाहिलेल्या माणसाला ही अवस्था पटकन कळते, आणि पुस्तकी भाषातज्ज्ञाला कळत नाही. म्हणजे तुमची नजर लागते ती इथे: प्रजाती कोणती यापेक्षा झाडाचा कुठला भाग, कुठल्या अवस्थेत.

माझी पद्धत सांगते. एका वेळी एकच हस्तलिखित घ्यायचं आणि त्यातली सगळी रोपं एका जागी उतरवून काढायची, कारण एका हाताचं झाड दुसऱ्या हाताच्या झाडाशी ताडून काही सिद्ध होत नाही. मग शेजारी लिहिलेली अक्षरं झाकायची आणि चित्रातल्या प्रत्येक भागासाठी शक्य ते सगळे शब्द लिहायचे. झाड असेल तर ‘क्वावित्ल’ लिहायचंच. पण समासात त्याचं ‘क्वाउ’ होतं आणि गरुडाचंही, म्हणजे ‘क्वाउत्लि’चंही, तेच होतं. म्हणून झाडाच्या चित्रापुढे गरुडाची शक्यताही टिपून ठेवायची. त्यानंतर अक्षरं उघडायची. स्पॅनिश लिखाणात एक्स दिसला तर श वाचा, नाहीतर निम्मे शब्द ओळखू येणार नाहीत.

अक्षरं आणि चित्र जुळलं नाही तर चित्र चुकलं असं लगेच धरू नका. मेंडोसा कोडेक्सच्या शेवटी स्पॅनिश टिपा लिहिणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवलंय की जहाजांचा ताफा निघायला दहा दिवस असताना काम हाती आलं, त्यामुळे मजकूर घाईत लिहिला गेला. चित्रकाराने घाई केल्याचं असं कुठे लिहिलेलं नाही. माझा कल अशा वेळी चित्राकडे असतो, पण त्याच हस्तलिखितात दुसरा दाखला मिळेपर्यंत वाचन पेन्सिलीनेच लिहिलेलं बरं.

प्रजाती ओळखायचीच असेल तर त्यासाठी वेगळा ग्रंथ आहे, आणि तो तुम्हाला नक्की आवडेल. १५५२ मध्ये त्लातेलोल्कोच्या विद्यालयात मार्तिन दे ला क्रूस या नाहुआ वैद्याने औषधी वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला आणि हुआन बादियानो याने तो लॅटिनमध्ये उतरवला. तो पुढे व्हॅटिकनमध्ये गेला आणि १९९० मध्ये मेक्सिकोला परत मिळाला. त्यातली रोपं मुळांसकट, फुलांसकट रंगवलेली आहेत आणि अनेकांची ओळख वनस्पतीशास्त्रज्ञांनी पटवली आहे. मजा अशी की काही रोपांच्या मुळांशी चित्रकाराने लिपीतलंच दगडाचं किंवा पाण्याचं चिन्ह काढलंय, रोप कुठे वाढतं ते सांगायला. नावांच्या चिन्हांतलं निवडुंगाखालचं ‘तेत्ल’ आणि इथल्या मुळांमधला दगड शेजारी ठेवून पाहा. वळण तेच आहे, पट्टे तेच आहेत, पण काम वेगळं आहे.

सुरुवात स्थापनेच्या त्या एका पानापासूनच करा. ते रंगीत आहे, दहाच नावं आहेत आणि बहुतेकांची वाचनं ठरलेली आहेत. ते पचलं की १५६० ची हुएशोत्सिन्कोची शिरगणती घ्या, तीही पॅरिसमध्येच आहे. तिच्यात कुटुंबप्रमुखांची हजारो नावं चित्रांत आहेत आणि शेजारी अक्षरांतही. तिथे बहुतेक काम काळ्या शाईच्या रेषांचं आहे, चित्रं लहान आहेत आणि फूल, पानांचा झुबका, पिसांचा झुबका हे एकमेकांत मिसळतात. तुमच्या फुलाचं मूळ पान सापडलं की क्रमांकासकट कळवा. त्या डोक्याच्या मागे जोडरेषा आहे का, तेही सांगा.